दिवेलागणीचं दार

नामाने रसायनीच्या एका कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं वॉचमनकी केली आणि तेवढ्या काळात कारखान्यातून एक खिळासुद्धा चोरीला गेला नाही. याचा त्याला फार अभिमान होता. आत चोरण्यासारखं जे काही होतं ते पिंपांत भरलेलं, नाकाला झोंबणारं आणि हातावर सांडलं तर कातडं सोलून काढणारं होतं, असं त्याची बायको येसूबाई अधूनमधून म्हणायची. पण अभिमानाच्या बाबतीत बायकोचं मत विचारात घ्यायचं नसतं, हे नामाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

निवृत्त होऊन तो पळसदरीला घरी येऊन बसला, तेव्हा राखण्यासारखं काहीच उरलं नाही. मागच्या आंब्यावर माकडं यायची. नामा जुनी शिट्टी काढून वाजवायचा. पहिल्या वर्षी माकडं पळाली. दुसऱ्या वर्षी शिट्टी ऐकून इतर माकडं यायला लागली.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत नात समीक्षाने त्याच्या मांडीवर टॅब ठेवला आणि विचारलं, "आजोबा, माझं घर सांभाळाल का?" तेव्हा कोणतं घर हे कळण्याआधीच नामा ताठ बसला.

समीक्षा एरवी शेलूला राहायची. नामाचा मुलगा अक्षय आणि सून माधवी यांनी तिथे नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. सुट्टीला ती आजीआजोबांकडे आली होती आणि आता इथून कबड्डीच्या शिबिराला अलिबागला निघाली होती. रविवारी परत. शिबिराच्या मॅडमनी टॅब आणि मोबाइल आणायला बंदी केली होती.

"बघा," ती म्हणाली.

टॅबवर एक ठोकळ्यांचं जग होतं. डोंगर चौकोनी, झाडं चौकोनी, ढग चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. एका टेकडीवर लाकडी ठोकळ्यांचं घर होतं. पुढे ओटी, बाजूला पडवी, मागे कोंबड्यांचं खुराडं, दारात तुळस. ओटीवर एक कुत्रा पसरला होता.

नामाने चष्मा पुसून परत पाहिलं. "ही तर आपली ओटी हाय."

"मग. वर्षभर बांधतेय. तो वाघ्या आहे."

खरा वाघ्या खऱ्या ओटीवर तसाच पसरला होता. त्याने आपलं नाव ऐकून एक कान हलवला आणि तेवढ्यावर दिवसाचं काम उरकलं.

"आंबा कुठाय आपला?"

"मागे आहे. आता ऐका. इथे रात्र पडली की मॉन्स्टर येतात. दार लावलेलं असलं आणि आत कोणी जागं असलं तर दार ठोकतात आणि जातात. घर रिकामं दिसलं तर दार फोडून आत येतात आणि खाट मोडतात."

"खाट मोडून त्यांना काय भेटतं?"

"खाट मोडली की घर आपल्या नावावरून जातं. मग जो पहिली खाट टाकेल त्याचं घर."

हा नियम नामाला चटकन कळला. गावाकडे जागेचे निम्मे तंटे याच नियमाने चालतात.

"आणि कोण टाकणार खाट?"

"दादा."

दादा म्हणजे समीक्षाचा थोरला भाऊ साईराज. यंदा दहावीला. सुट्टीतही क्लास असल्यामुळे तो शेलूलाच राहिला होता. त्याच जगात खाली दरीत त्याने बांधलेली घरं एकामागून एक मॉन्स्टरांनी उडवली होती, आणि तेव्हापासून त्याची बहिणीच्या टेकडीवर नजर होती.

"पण तुम्हाला दिवसभर बसायला नको," समीक्षा म्हणाली. "मी नसताना दादा खेळतो तेव्हाच ते जग चालू असतं. म्हणजे सकाळी दहा ते एक."

"दहा ते एक त्याचा क्लास असतो ना?"

"हो. ऑनलाइन."

नामाने पुढे काही विचारलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत, आत कोण काय करतो हे गेटवाल्याने विचारायचं नसतं, हे तो शिकला होता.

"एक हिरवा येतो, लांबट. त्याला जवळ येऊ द्यायचं नाही. तो फुस्स करतो आणि फुटतो. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळ व्हायला लागली की दार लावायचं. काय वाट्टेल ते झालं तरी."

"गेट बंद म्हणजे बंद," नामा म्हणाला. हेच वाक्य त्याने एकदा भर पावसात, ओळखपत्र घरी विसरलेल्या मॅनेजरलाही ऐकवलं होतं. त्याच्यामुळे त्याची बढती दोन वर्षं लांबली, पण वाक्य तसंच राहिलं.

समीक्षा गेली. दुसऱ्या दिवशी दहाला नामा ओटीवर खुर्ची टाकून, डोक्यावर कंपनीची टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून ड्युटीवर हजर झाला. पहिला बराच वेळ त्याला घराचं फक्त छप्पर दिसत होतं, कारण मान खाली करायचं बटण सापडत नव्हतं. ते सापडल्यावर जमीन दिसायला लागली. दोन्हीच्या मधलं जग दिसेपर्यंत सव्वादहा झाले आणि तिथे रात्र पडली. नामाने दार लावलं.

खिडकीतून पाहिलं तर दोन्ही हात पुढे करून, पाय ओढत, हुं हुं करत चारपाच जण टेकडी चढत होते. नामाला काही भीती वाटली नाही. तिसरी पाळी सुटल्यावर गेटातून बाहेर पडणारी माणसं त्याने तीस वर्षं पाहिली होती.

दारावर थाप पडली.

"कोण हाय?" नामाने विचारलं.

"हुं," बाहेरून आवाज आला.

"पास?"

"हुं."

"पास नाय तर आत नाय. सकाळी ऑफिसात या."

मॉन्स्टर सकाळपर्यंत दार ठोकत बसले, मग ऊन पडल्यावर पेटून जळून गेले. असं मॅनेजरचंही व्हायला हवं होतं, असं नामाच्या मनात येऊन गेलं. एकूण नोकरी त्याला आवडली.

दुसरी रात्र पडायच्या बेतात असताना येसूबाई चहा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून टॅबमध्ये डोकावली. "अगो बाई. आपलं घर."

"समीनं बांधलंय."

"गुणाची पोर. मशाल पण लावलीय दारात. आणि तुमी हे काय करताय?"

"दार लावतोय. अंधार पडतोय."

येसूबाईने चहाचा कप खाली ठेवला. "दिवेलागणीला दार लावताय?"

इथे सांगायला हवं की तिन्हीसांजेला घराचं पुढचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे लक्ष्मी घरात येते, हे येसूबाईने सासरी आल्यापासून एक दिवसही चुकवलेलं नव्हतं. लक्ष्मी आलेली कोणी पाहिली नव्हती. डास मात्र रोज यायचे आणि पाहुण्यासारखे थांबायचे. शेलूच्या फ्लॅटमध्ये माधवी तिन्हीसांजेला मुख्य दार उघडून बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर लावून ठेवायची. त्यावर येसूबाईने तिथल्या पहिल्याच मुक्कामात विचारलं होतं, "जाळीतनं लक्ष्मी येते होय? ती काय डास हाय?" तेव्हापासून सासूसुनेत या विषयावर शांतता होती. भारतपाकिस्तानात असते तशी.

"अगं, ते खेळातलं दार हाय," नामा म्हणाला.

"खेळातलं असूदे. घर कोणाचं हाय? आपलं. मग आपल्या घराचं दार तिन्हीसांजेला बंद? उद्या पोरगी मोठी होईल, स्वतःचं घर करील, आणि लक्ष्मी म्हणेल, हिच्याकडं आले होते, हिच्या आज्यानं पास मागितला."

"समी सांगून गेलीय, काय वाट्टेल ते झालं तरी."

"तिला माहीत नाय मी बघतेय ते."

शेवटी तह झाला. सूर्य बुडायला लागला की नामाने दार उघडायचं, येसूबाईने टॅबला हात जोडायचे, आणि लगेच दार लावायचं. लक्ष्मीला यायचं असेल तर तेवढ्यात यावं. देवाची माणसं चपळ असतात.

अडचण एकच होती. त्या जगातला दिवस वीस मिनिटांचा होता. म्हणजे एका सकाळी नऊ वेळा दिवेलागण. पण येसूबाई व्रताला लागली की मागे हटणारी नव्हती. ओटीवरून नामाची हाक यायची, "सूर्य टेकला गं." ती पिठाच्या हातांनी धावत यायची, हात जोडायची, "शुभं करोति" पुटपुटायची आणि आत पळायची. त्या दिवशी जेवणात करपलेल्या भाकऱ्या होत्या. नामा ड्युटीवर असल्याने तक्रार करू शकला नाही.

शुक्रवार असाच गेला. दोघांचा हात बसला. कोणी आत आलं नाही, ना लक्ष्मी ना मॉन्स्टर. शनिवारी बाराच्या सुमाराला शेजारची विमलबाई वाटी घेऊन आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. टॅबमध्ये सूर्य टेकला होता. नामाने दार उघडलं होतं, येसूबाई हात जोडून उभी होती.

"येसू, विरजण दे गं थोडं," विमलबाई म्हणाली.

येसूबाईचा हात स्वयंपाकघराकडे जाता जाता थांबला. दिवे लागल्यावर दूध, दही, मीठ, विरजण यातलं काही घराबाहेर द्यायचं नाही, हाही तिचा नियम होता.

"आत्ता कसं देऊ? दिवेलागण झालीय."

विमलबाईने वर सूर्याकडे पाहिलं. मग येसूबाईकडे पाहिलं. मग नामाच्या टोपीकडे पाहिलं.

"कुठं झालीय?"

"हितं." येसूबाईने टॅब दाखवला.

"आणि दही कुठलं हाय? हितलं का तिथलं?"

हा प्रश्न अवघड होता. येसूबाई विचारात पडली. विमलबाईचं म्हणणं, ज्या जगात दही आहे त्या जगाची वेळ धरायची. येसूबाईचं म्हणणं, हात जोडले एका जगात आणि नियम दुसऱ्या जगाचा, असं देव खपवून घेणार नाही. दोघींनी नामाला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच दोन बायकांनी एकत्र त्याचं मत विचारलं होतं. नामाने टॅब मांडीवर ठेवला, घसा साफ केला आणि वाद नीट पहिल्यापासून ऐकून घ्यायला सुरुवात केली.

दार उघडंच राहिलं.

"आलं बघा कोणीतरी," येसूबाई म्हणाली.

लांबट, हिरवा, पडलेल्या चेहऱ्याचा एक जण उंबरठ्यावर उभा होता. नामाने टॅब उचलला. "हा तोच. बाहेर हो. हो बाहेर."

"अवो, असं काय?" येसूबाईने त्याचा हात धरला. "दिवेलागणीला दारात आलेल्याला हाकलतात काय?"

"अगं तो फुटणारा हाय."

"चेहरा बघा बिचाऱ्याचा. आपला अक्षय नापास झाला होता तवा असाच दारात उभा राहिला होता."

हिरवा आत आला. चालत खाटेपाशी गेला. टॅबमधून फुस्स असा आवाज आला.

"कुकर झाला काय गं तुझा?" विमलबाईने विचारलं.

मोठा धडाका झाला. धूर विरल्यावर दिसलं ते असं की पुढचं दार नव्हतं, पडवीची भिंत नव्हती, आणि खाटेच्या जागी खड्डा होता. ठोकळ्यांचा वाघ्या उठला, दोन पावलं सरकला आणि परत बसला. वर अक्षरं आली: हे घर आता कोणाचंही नाही.

विमलबाई वाटी घेऊन गुपचूप निघून गेली. नामाने टोपी काढून मांडीवर ठेवली. तीस वर्षांत एक खिळा गेला नव्हता, आणि नातीचं वर्षभराचं घर त्याच्या ड्युटीत, त्याच्या डोळ्यांसमोर, पाहुणा म्हणून आत आलेल्याने उडवलं होतं.

फोन वाजला. साईराज. नामाने स्पीकर लावला.

"आजोबा, समीचं घर फुटलं? मला इथे मेसेज आला."

"काय नाय झालं. तू क्लासकडं ध्यान दे."

"मी येतो."

टॅबवर दरीतून एक ठोकळ्यांचं पोरगं काखेत लाल खाट घेऊन टेकडी चढताना दिसलं. नामाने टोपी परत घातली आणि दाराच्या जागी जे भगदाड होतं त्यात जाऊन उभा राहिला.

"आजोबा, बाजूला व्हा."

"पास?"

"अहो मी साईराज आहे."

"वळखतो. वळखीचा असला की जास्त तपासावं लागतं."

"अंधार पडलाय. मला मारतील मॉन्स्टर."

येसूबाईने फोन ओढून घेतला. "साईराज, जेवलास काय रं?"

"आजी, नंतर. मला खाट टाकायचीय. खाट टाकली की घर माझं."

"दिवेलागण झालीय. आता घरातनं काय बाहेर जात नाय. विमलला विरजण नाय दिलं मी, तुला घर देऊ?"

टॅबवर साईराज खाट घेऊन थबकला. नियम त्याच्या लहानपणापासूनचा होता. आजीकडे असताना संध्याकाळी शेजारच्या पोराला साधा चेंडू द्यायची चोरी असायची.

"मग मी काय करू? ते आले बघ."

"आत ये. दिवेलागणीला आलायस, हाकलायची नाय तुला. पण घर मागू नको. सकाळी बघू."

नामा बाजूला झाला. साईराज आत आला आणि त्याच्यामागोमाग ती तिसऱ्या पाळीची माणसं. मग जे झालं त्याला नामा पुढे कायम 'ॲक्शन' म्हणायचा. साईराज भगदाडात तलवार घेऊन उभा, आणि फोनमधून ओरडतोय, "आजोबा, माती टाका. डावीकडे. तुमच्या डावीकडे." नामाने जमेल तिकडे माती टाकली. काही स्वतःच्या अंगावर टाकली. एकदा साईराजलाच भिंतीत चिणलं. पण भगदाड बुजलं. खिडकीत उजाडलं.

"सकाळ झाली ना आजी?" साईराज म्हणाला.

येसूबाईकडे सकाळसाठी नियम नव्हता.

"कोणीतरी टाकायलाच हवी खाट. नाहीतर पुढच्या रात्री परत येतील. तुमच्याकडे खाट आहे का?"

नामाकडे नव्हती. लाल खाट पडली. वर अक्षरं आली: साईराजचं घर.

"समीला काय सांगू रं मी?" नामाने विचारलं.

साईराज काही बोलणार तेवढ्यात फोनमधून माधवीचा आवाज आला, लांबून, पण स्वच्छ. "साईराज, सर भूमितीत तलवार कुठे शिकवतात?"

फोन बंद झाला. पाठोपाठ ते जगही झोपलं.

रविवारी दुपारी समीक्षा आली. गुडघा फुटलेला, गळ्यात मेडल. पिशवी टाकायच्या आधी तिने टॅब उघडला. पडवीला मातीची वेडीवाकडी भिंत होती, दाराच्या जागी माती होती, आणि मातीवर दादाचं नाव. नामाने टोपी हातात धरली होती.

"ड्युटीवर मी होतो," तो म्हणाला.

"दार मी उघडं ठेवायला लावलं," येसूबाई म्हणाली. "लक्ष्मीसाठी."

समीक्षाने आजीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मेडल ओटीवरच राहिलं. ते वाघ्याने हुंगलं.

संध्याकाळी येसूबाईने देवापाशी दिवा लावला. दारापाशी आली. कडीवर हात ठेवून उभी राहिली, इतका वेळ की ओटीवरून नामाने मान वळवून पाहिलं. मग तिने नेहमीसारखं दार उघडं टाकलं. डास आले. आणि डासांच्या पाठोपाठ, फाटक ढकलून, माधवी आणि साईराज आले.

"आई, हा कालपासून जेवत नाही धड," माधवी चपला काढता काढता म्हणाली. "विचारलं तर म्हणतो, समीचं घर मी घेतलं. मला वाटलं फ्लॅटच लिहून घेतला की काय यांच्याकडून. म्हटलं चल, दे जा परत तुझ्या हाताने."

समीक्षा उठून दारात आली. साईराजने आईच्या मोबाइलवर खेळ उघडला. मग दिव्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"पण आजी, आता तर दिवेलागण झाली. आता घर देता येत नाही ना? सकाळी देतो."

माधवीने तोंडाला पदर लावला. नामाने शिट्टीशी चाळा केला. सगळे येसूबाईकडे पाहायला लागले.

"घरातलं बाहेर द्यायचं नसतं," येसूबाई सावकाश म्हणाली. "बाहेरनं आत आलं तर ती लक्ष्मी. तू बाहेरनं आलास काय रं?"

"हो."

"घर घेऊन आलास काय?"

"हो, पण."

"मग टाक आत."

साईराजने लाल खाट मोडली. समीक्षाने तिथेच आपली निळी खाट टाकली. वर अक्षरं आली: समीक्षाचं घर. तिने भावाच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि तो त्याने मुकाट्याने खाल्ला. यावरून भांडण मिटल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं.

"आता दार बसवते," समीक्षा म्हणाली. "आणि आजी, अंधार पडला की ते बंद."

येसूबाई पाटावर बसली. बराच वेळ पदराने पाय पुसत राहिली. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, "दार उघडं ठेव. त्याच्या बाहेरनं जाळी बसव. शेलूला हाय ना आपल्याकडं, तशी."

माधवीने मान वर केली. 'आपल्याकडं' हा शब्दही तिच्या लक्षात आला.

"पण आई," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "जाळीतून लक्ष्मी येते का?"

"यायची असली की येते. अंग चोरून येते."

समीक्षाने लोखंडी सळ्यांची जाळी बसवली, आत दार उघडं ठेवलं, दोन्हीकडे मशाली लावल्या. टॅबमध्ये सूर्य टेकला. घरातले सगळे नामाच्या खुर्चीभोवती जमले. नामाने टोपी नीट केली. थोड्या वेळात तोच हिरवा, किंवा त्याचा कोणी भाऊबंद, टेकडी चढून आला आणि पडलेल्या चेहऱ्याने जाळीला नाक लावून उभा राहिला.

"पास?" नामाने विचारलं.

येसूबाईने वाकून हिरव्याचा चेहरा पाहिला.

"अवो," ती म्हणाली, "निदान पाणी तरी विचारा त्याला."